काकूंच्या न्हाणीतलं सवणं

घाण बघितली की मला आनंद होतो. हे सांगितलं की माणसं जरा लांब सरकून बसतात, पण खरं आहे ते खरं आहे. काळ्या पडलेल्या दरजा, पिवळट टाइल्स, नळाच्या खाली पांढरा खार, कोपऱ्यात शेवाळाची मिशी, असं एखादं बाथरूम समोर आलं की माझे हात शिवशिवायला लागतात. मालकीणबाई दारात ओशाळून उभ्या असतात, 'आत नका जाऊ, लई घाण हाय' म्हणत असतात आणि मी तोवर पदर खोचून गुडघ्यावर बसलेली असते.

मी महानंदा, लातूरची. मेहरुन्निसा म्हणजे आमची मेहरूआपा. आम्ही दोघींनी मिळून लातूर, उदगीर, निलंगा आणि तिकडे पार नांदेडपर्यंत लोकांच्या फरश्या आणि न्हाण्या घासल्या. आपाच्या घरात फरशी घिसाईचा धंदा तिच्या सासऱ्यांपासूनचा. पुरुष मशीन चालवायचे आणि मागचा चिखल उपसायला आपा. मी शेजारीण. एकदा तिच्याबरोबर गंमत म्हणून गेले ती परत आलेच नाही म्हणा ना. आता गुडघे बोलायला लागलेत म्हणून काम दुसऱ्या बायकांच्या हाती दिलंय. दिवाळी अंकात लोक परदेशातल्या प्रवासाबद्दल लिहितात, मी न्हाणीबद्दल लिहिणार आहे. फराळाची ताटली तेवढी बाजूला ठेवा.

आमच्या धंद्यात घाण एक नसते, तीन असतात. एक खार. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की नुसतं वाळलं तरी पांढरा थर ठेवून जातं. दुसरा चिकटा, म्हणजे साबण, तेल आणि अंगाचा मळ. तिसरी बुरशी, ती काळी आणि जिवंत. खाराला आंबट लागतं, चिकट्याला धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, बुरशीला ब्लीचिंग पावडर. डॉक्टरानं आधी नाडी बघावी तसं आम्ही आधी घाण कोणती ते बघतो. पण आमच्या मुलखात या सगळ्यावर एकच औषध, तेजाब. निजामाच्या काळापासून अॅसिडला आम्ही तेजाब म्हणतो, आणि त्यावरचा आमचा भरवसा डॉक्टरवरच्या भरवशापेक्षा जास्त.

कारण तेजाब ओतलं की फेस येतो. फेस आला म्हणजे मळ निघाला, असं सगळ्यांना वाटतं. उदगीरला एका आडत व्यापाऱ्याच्या घरी आम्ही गेलो. दारापासून देवघरापर्यंत शहाबादी फरशी. बाईंनी दर अमावास्येला तेजाबानं धुऊन धुऊन ती पापडासारखी खरखरीत केली होती. शहाबादी म्हणजे चुन्याचा दगड, त्याला तेजाब लागलं की तो दगडच उकळतो, हे मी परोपरीनं सांगितलं. बाईंना पटेना. शेवटी मी बाहेर पडलेला कोऱ्या फरशीचा तुकडा आणला, दारात आपटून फोडला आणि आतल्या ताज्या, स्वच्छ भागावर थेंब टाकला. फसफसून फेस आला. मी विजयी मुद्रेनं बाईंकडे बघितलं. बाईंनी वाकून नीट बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "बघा, दगडाच्या पोटात सुद्धा मळ हाय." मेहरूआपा तोंडात पदर कोंबून अंगणात गेली. मी हात टेकले.

टाइल्सचंही तसंच. टाइलला तेजाबानं फारसं काही होत नाही, पण दोन टाइल्सच्या मधली जी दरज असते, ती व्हाइट सिमेंटनं भरलेली असते. तेजाब ती खातं. पहिल्या दिवशी दरज दुधासारखी दिसते, माणूस खूश होतो. पण तिला बारीक बारीक खड्डे पडलेले असतात आणि पुढच्या खेपेला बुरशी त्या खड्ड्यांत घर करून बसते. मग आणखी तेजाब. असं चालतं ते दरज संपेपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, लातूरला कुठला आलाय दमटपणा? नांदेडचं एक वेळ ठीक. तिथं गोदावरी आहे, विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी आहे, त्या बाजूच्या एका बंगल्यात तर मी पावसाळ्यात जिन्याच्या टाइल्सवर शेवाळ बघितलंय. पण लातूर? जिथं नळाची वाट बघण्यात जन्म जातो? तर ऐका. आमच्याकडे पाणी कमी म्हणूनच न्हाण्या ओल्या. नळ कधी येईल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक न्हाणीत पिंप भरून ठेवलेलं, बादल्या भरून ठेवलेल्या, वर झाकण नाही. त्यात क्लासेसचा बाजार भरला. दहावीचा निकाल लागला की गावोगावचे आईबाप पोरांना घेऊन लातुरात उतरायचे, आणि ज्याच्या घराला दोन खोल्या जास्त त्यानं होस्टेल काढलं. पोरी पहाटेच्या क्लासला जायच्या म्हणून भल्या पहाटेपासून एकीमागून एक अंघोळी. फरशीला वाळायची उसंतच नाही. बाहेर रस्त्यावर धुरळा उडत असायचा आणि प्रत्येक होस्टेलच्या न्हाणीत एक छोटं कोकण तयार व्हायचं.

अशाच एका होस्टेलवरून आम्हाला बोलावणं आलं. होस्टेल सुलोचनाकाकूंचं. काकू औसा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. भूकंपात घर गेलं, घरातली माणसं गेली. त्या दिराबरोबर लातूरला आल्या आणि कालांतरानं त्यांनी हे घर बांधलं. वर खोल्या, खाली स्वयंपाकघर, मागच्या बाजूला ओळीनं न्हाण्या. पोरींचा त्यांच्यावर जीव. भाजी कोणाला तिखट लागते, कोणाची परीक्षा कधी, सगळं काकूंना पाठ. आवाज करडा, पण पोरगी तापली तर उशाशी बसून राहणार.

झालं असं होतं की न्हाण्यांच्या दरजा काळ्या पडल्या. कामवालीनं तेजाब ओतलं. तेवढ्यानं भागेना म्हणून त्याच ओल्या तेजाबावर ब्लीचिंग पावडर टाकली. वाचणाऱ्या सगळ्या आयाबहिणींनो, ही गोष्ट जन्मात करू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वाफ सुटते. पोरी खोकत, डोळे पुसत रस्त्यावर पळाल्या. त्यात पल्लवी नावाची देगलूरची एक मुलगी होती, तिला आधीच दमा. तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती सावरली, पण डॉक्टरांनी सांगितलं की वाफ एका दिवसाची होती, हिला रोजची बुरशीसुद्धा सोसायची नाही. तिच्या वडिलांनी फोन केला, येत्या रविवारी येतो, न्हाण्या बघतो, आहे तशाच असल्या तर पोरीला घरी नेतो. घरी म्हणजे देगलूरला, आणि मग क्लास नाही. त्या पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. काकूंनी आम्हाला एवढंच सांगितलं की ही पोरगी जाता कामा नये.

मी आत शिरले आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, माझा जीव हरखला. अशी बुरशी मी आयुष्यात बघितली नव्हती. खालपासून छतापर्यंत प्रत्येक दरज काजळ घातल्यासारखी. मी आपाला हाक मारली, आपानं नाक आत घातलं आणि तिचेही डोळे चमकले. कोणता उपाय लागू पडतो ते बघायला आम्ही एकेका न्हाणीत वेगळी पद्धत घेतली. पहिलीत ब्लीचिंगचं पाणी, मग भरपूर धुणं. दुसरीत सोड्याचा दाट लेप, काथ्याचा ब्रश आणि आमचे दंड. तिसरीत पाणी घालून अगदी पातळ केलेलं तेजाब, फक्त खारापुरतं, आणि दरजांना ते लागू नये म्हणून त्यांच्यावर आधी मेणबत्ती चोळून. ही मेणबत्तीची युक्ती आपाची. तिच्या सासऱ्यांची म्हणा. शेवटच्या न्हाणीला आम्ही नुसता साबण लावला, कारण तिचं दार मोडून पडलं होतं आणि पोरी ती वापरत नव्हत्या असं आम्हाला वाटलं.

दुपारपर्यंत सगळ्या न्हाण्या पांढऱ्याफेक. काकूंनी चहा केला. मी फुशारून गेले. पण दोन-तीन दिवसांनी बघायला गेले तर पहिलीत काळं परत येऊन बसलेलं, दुसरीत बारीक ठिपके, तिसरीत कोपरे काळवंडलेले. मी चरफडत शेवटच्या न्हाणीकडे गेले. ती कोरडी ठणठणीत, जशी सोडली तशी. पोरींना विचारलं तर कळलं की तीसुद्धा रोज वापरतात, दाराला चादर लावून. म्हणजे जिथं सगळ्यात कमी औषध घातलं तिथं बुरशी आलीच नाही.

मी तिथंच ओरडले असेन. आपा धावत आली. मी तिला म्हटलं, आपा, औषधात काही नाही, हवेत आहे. तिनं उलट्या हातानं एकेका न्हाणीची भिंत चाचपून बघितली. शेवटची कोरडी, बाकीच्या गार आणि ओल्या. मग आमच्या दोघींच्याही एकदम लक्षात आलं. आम्ही बुरशीकडे बघत बसलो आणि भिंतीकडे बघितलंच नाही. एकाही न्हाणीला खिडकी नव्हती. झरोका नव्हता, जाळी नव्हती, काडी जाईल एवढं भोक नव्हतं. मागची अख्खी भिंत आंधळी. दार लावलं की आतली वाफ आत, आणि शेवटच्या न्हाणीला दारच नव्हतं म्हणून तेवढी ती वाळत होती. इतक्या वर्षांत मला उमगलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही, की दमट जागी साफसफाईची पद्धत म्हणजे आधी वाळवायची पद्धत. बाकी सोडा, साबण, ब्लीचिंग हे नंतरचं.

मी उड्या मारत काकूंकडे गेले. म्हटलं, काकू, सोपं आहे, गवंड्याला बोलवा, प्रत्येक न्हाणीला मागच्या भिंतीत वर एकेक खिडकी काढू. काकू भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "माझ्या भिंतीला हातोडा लागायचा न्हाई," त्या म्हणाल्या आणि परत भाजी निवडायला लागल्या.

मला वाटलं खर्चाची अडचण असेल. तसं नव्हतं. मग वाटलं, मागच्या गल्लीतून कोणी डोकावेल म्हणून असेल. तेही नव्हतं. मी इस्माईलभाई गवंड्याला घेऊन आले. त्यांनी भिंत वाजवून बघितली, वरचा बीम दाखवला, ही भिंत नुसती आडोशाची आहे, भार सगळा खांबांवर आहे, असं अदबीनं समजावलं. काकूंनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. घर बांधतानाही गवंडी जाळ्या ठेवत होता, त्यांनी उभं राहून बुजवून घेतल्या होत्या. पल्लवीनं हात धरून विनवलं. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण होकार दिला नाही. रविवार तोंडावर आला होता.

माझा संताप संताप झाला. मी आपाला रस्त्यात म्हटलं, ही कसली बाई, पोरीवर जीव टाकते म्हणते आणि विटेएवढं भोक पाडू देत नाही. भिंत पडणार नाही हे किती वेळा सांगायचं. आपा माझ्यापेक्षा वयानं मोठी आणि कमी बोलणारी. ती म्हणाली, "महानंदा, ती भिंतीच्या खाली व्हती. आपुन भिंतीच्या बाहेर उभं राहून तिला सांगून राहिलो."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही परत गेलो. मला आपानं बजावलं होतं की तू तोंड उघडायचं नाहीस, आणि मला ते किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. आपा काकूंसमोर बसली, लसूण सोलायला घेतला आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. आपाचं बालपणही खेड्यातलं, माळवदाच्या घरातलं. माळवद म्हणजे मातीचं जाड, सपाट छप्पर. त्याला मध्ये एक चौकोनी भोक ठेवायचे, चुलीचा धूर वर जायला आणि उजेड खाली यायला. त्याला सवणं म्हणतात. पाऊस आला की पोरांनी वर पळायचं आणि सवण्यावर घमेलं पालथं घालायचं. ते काम लहानपणी आपाकडे होतं. एकदा ती विसरली आणि चुलीतल्या भाकरीवर पाऊस पडला, ते सांगून तिनं काकूंना हसवलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "काकू, तुमच्या माळवदाला सवणं व्हतं की न्हाई?"

काकू हसत होत्या, त्या थांबल्या. मग बोलल्या. भूकंपाबद्दल त्यांनी कधी कोणाला काही सांगितलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

"पहाट व्हती," त्या म्हणाल्या. "समदं आंगावर आलं. तोंडात माती. सासूबाईचा हात माझ्या हातात व्हता, तो गार पडत गेला. म्या डोळं उघडलं तं वरी सवणं. माळवद पडलं, पर सवण्याची चौकट तेवढी वाशाला अडकून राहिली व्हती. तिथनं श्वास घेतला. तिथनंच उजाडलं. मग दिराचा हात आत आला. वैनी, धर, म्हणला."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते लसणावर ढकललं.

आपा हळूच म्हणाली, "मग काकू, न्हाणीला खिडकी नगं. आपुन सवणं ठिवू."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. मग उठल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि मागच्या बाजूला गेल्या. आम्ही मागोमाग. पहिल्या न्हाणीत शिरून त्यांनी ओल्या भिंतीवर बोट ठेवलं, छताच्या जरा खाली. "हितं," त्या म्हणाल्या. "हात भाईर जाईल एवढं."

पल्लवीचं आधीच सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको. रविवारी तिचे वडील आले, रागानं भरून आले होते. एकेका न्हाणीत शिरले, वर बघितलं, भिंतीला हात लावून बघितला. पोरीला विचारलं, तिनं राहायचं म्हटलं, आणि ते जेवून एकटेच परत गेले. आज ती डॉक्टर आहे, उदगीरला आहे, आणि मी खोकत गेले की मला आधी विचारते, मावशी, काय काय मिसळलंत? दरजा आम्ही नंतर खरवडून नव्या व्हाइट सिमेंटनं भरल्या. पोरींना शिकवलं की शेवटच्या अंघोळीनंतर वायपरनं पाणी ओढायचं, पिंपावर झाकण ठेवायचं, दार उघडं टाकायचं. तेजाबाची बाटली काकूंनी स्वतः मला देऊन टाकली. त्या न्हाण्यांना पुढं मी कधी साबण-सोड्याच्या वर काही लावलं नाही. एवढं सोपं काम आणि माझी त्यावर एवढी फुशारकी, पण मला अजूनही त्या दरजा आठवल्या की आनंदानं भरून येतं.

आता त्या शनिवारचं राहिलेलं. इस्माईलभाई छिन्नी-हातोडा घेऊन आले. पहिल्या न्हाणीत काकू आत उभ्या राहिल्या. बाहेर या म्हटलं तर आल्या नाहीत. त्यांनी एक तळवा भिंतीला सपाट लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा, आणि वर घाव पडत होते तोवर काढला नाही. इस्माईलभाई एकेक घाव हलका घालत होते आणि मध्ये मध्ये खाली बघून विचारत होते, काकू, ठीक ना? काकू मान हलवत होत्या. पोरी व्हरांड्यात पुस्तकं छातीशी धरून उभ्या होत्या.

मग मी मागच्या गल्लीत गेले, राडारोडा उचलायला. वरून धुरळा पडला, मग विटेचे तुकडे, मग एक अख्खी वीट. भिंतीत चौकोनी भोक दिसायला लागलं आणि आतून पोरींचा गलका झाला, कारण उन्हाची तिरीप थेट पांढऱ्या टाइल्सवर पडली होती. इस्माईलभाईंनी कडा साफ केल्या आणि ते खाली उतरले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी वर बघत होते.

त्या भोकातून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत सिमेंटच्या धुळीनं माखलेला, बांगड्या वर सरकलेल्या. तो हात हवेत जरा वेळ तसाच थांबला. आतून काकूंचा आवाज आला. "महानंदा, हायेस ना भाईर? धर जरा."

मी विटांच्या ढिगावर चढले आणि तो हात धरला.